दिसत नसले तरी शाळा आहे



मागच्या धड्यात आपण सातबारा कसा वाचावा ते पाहिले. आज एका पोरीची गोष्ट वाचू. पोरीचे नाव इथे लिहीत नाही, कारण तिच्या आईने तसे सांगितले आहे. धडा जरा लांब आहे. एका बैठकीत संपला नाही तर दोन बैठकीत वाचा. आणि ज्यांच्या घरी डोळ्यांनी अधू मूल आहे, त्यांना वाचून दाखवा.

१. आधी आमची चूक

दुसऱ्याला शिकवण्याआधी आपली चूक सांगावी. म्हणून आधी आमची चूक सांगतो.

१९९१ सालची गोष्ट. आम्ही तेव्हा आमच्याच गावच्या वाडीवर दोन शिक्षकी शाळेत होतो. मास्तरही आम्ही आणि मुख्याध्यापकही आम्हीच. जून महिना होता. पावसाची झड लागली होती. एक शेतकरी आपल्या सहा वर्षांच्या मुलाला घोंगडीत घेऊन आला. मुलगा जन्मापासून आंधळा. बाप म्हणाला, "गुरुजी, पोराचं नाव घाला शाळेत. लई हुशार हाय. एकदा ऐकलेला अभंग इसरत न्हाई."

आम्ही काय म्हणालो? "अरे, त्याला फळा दिसत नाही, पाटी दिसत नाही. तो शाळेत येऊन काय करील? घरी ठेव. देवाचे नाव घेईल."

आमच्या बोलण्यात राग नव्हता. कीव होती. पण कीव करून कोणाला विद्या येत नाही. बाप काही बोलला नाही. त्याने घोंगडी सावरली आणि पावसात परत गेला.

पुढे आम्हाला कळले. अशा मुलांना साध्या शाळेत शिकवण्याची केंद्र सरकारची योजना १९७४ सालीच सुरू झाली होती. पुण्यात अंधशाळा १९३४ सालापासून होती. मुंबईत तर त्याच्याही आधीपासून होती. हे आम्हाला ठाऊक नव्हते. ठाऊक नव्हते तर विचारायचे होते. तेही आम्ही केले नाही.

तो मुलगा आज चाळिशीला आला आहे. देवळाच्या पायरीवर बसतो. भजनात पेटी वाजवतो. सही येत नाही म्हणून अंगठा लावतो. आमच्या पावलांच्या आवाजावरून तो आम्हाला ओळखतो आणि "रामराम गुरुजी" म्हणतो. आजवर एकदाही टोचून बोलला नाही. आम्हाला मात्र तो रामराम रोज टोचतो.

२. देव्हाऱ्यामागची चिठ्ठी

आता पोरीची गोष्ट. ती २०१६ साली जन्मली. तिचे आई-बाप दसऱ्यानंतर ऊसतोडीला जात. पोर आजीजवळ राही.

पोर दिव्याकडे बघे, पण आईच्या तोंडाकडे बघत नसे. डोळे सारखे हलत. बाहुलीत पांढुरके दिसे. चालू लागली तशी उंबऱ्याला अडखळू लागली. आजी म्हणाली, "मोठी झाली की दिसंल." कोणी म्हणाले, नजर लागली. कोणी डोळ्यात पाल्याचा रस पिळायला सांगितला.

२०१९ साली अंगणवाडीत डॉक्टरांचे पथक आले. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. त्याचे हे पथक. अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत वर्षातून एकदा येऊन मुले तपासायची, असे त्यांचे काम आहे. पथकातल्या डॉक्टरांनी पोरीचे डोळे पाहिले आणि एक चिठ्ठी लिहून दिली. चिठ्ठी आजीच्या हाती पडली. घरात वाचता कोणालाच येत नव्हते. आजीने ती देव्हाऱ्यामागे खोचून ठेवली. पुढे करोनाचे दिवस आले. चिठ्ठी तिथेच राहिली.

२०२१ च्या पावसाळ्यात आमच्या साक्षरता वर्गात पोरीची आई येऊ लागली. चार महिन्यांत ती अक्षरे जुळवू लागली. एके दिवशी देव्हारा पुसताना चिठ्ठी खाली पडली. आईने ती हातात घेतली आणि एकेक अक्षर जुळवले. "दो-न्ही डो-ळे. मो-ति-बिं-दू. जि-ल्हा रु-ग्णा-ल-यात न्या-वे."

ती तशीच धावत आमच्याकडे आली. म्हणाली, "गुरुजी, दोन वर्सं हा कागद माझ्या घरात हाय. मला वाचताच येत नव्हतं."

त्या दिवशी ती फार रडली. आम्ही तिला म्हणालो, "आक्का, रडू नको. आज वाचलास ना? आता चल."

३. आधी दवाखाना

मोतीबिंदू म्हाताऱ्यांनाच होतो असे नाही. काही मुलांना तो जन्मतःच असतो. जिल्हा रुग्णालयातून पोरीला पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवले. तिथे दोन्ही डोळ्यांची शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावरचा पडदा निघाला. जाड भिंगाचा चष्मा लागला. पण नजर पुरी आली नाही.

डॉक्टरीण बाईंनी कारण सांगितले. बघायला डोळा लागतो, तसा मेंदूही लागतो. लहानपणी डोळ्यातून मेंदूकडे चित्र गेले, तरच मेंदू बघायला शिकतो. जन्मतःच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पहिल्या काही महिन्यांत झाली तर गुण चांगला येतो. पाच वर्षांनी पडदा काढला, तर शिकायची वेळ बरीचशी निघून गेलेली असते.

म्हणून वाचकहो, ही लक्षणे ध्यानात ठेवा.

तीन महिन्यांचे मूल आईच्या तोंडाकडे बघत नाही.
डोळ्याची बाहुली पांढरी दिसते.
डोळे सारखे हलतात किंवा तिरपे राहतात.
मूल पुस्तक नाकाला लावून बघते.
संध्याकाळी दिवेलागणीला अडखळते.

यातले एक जरी दिसले तरी मुलाला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्या. रस, मध, काजळ काही घालू नका. दिवस मोठा महत्त्वाचा आहे. औषधाने, शस्त्रक्रियेने, चष्म्याने जेवढे डोळे सुधारतील तेवढे आधी सुधारून घ्यावे. त्यावर जे उणे राहील, त्याच्यासाठी शाळेची वेगळी सोय मागावी.

४. दाखला कसा काढावा

आमच्या पोरीला उजेड कळतो. माणसाची सावली कळते. हातभर अंतरावर बोटे धरली तर मोजते. त्यापुढे नाही.

डोळ्याचे माप कसे घेतात ते समजून घ्या. भिंतीवर अक्षरांचा तक्ता असतो. त्यातले मोठे अक्षर चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरून दिसते. ते अक्षर एखाद्याला ६ मीटरवर आल्यावर दिसले, तर त्याची नजर ६/६० लिहितात. चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ३/६० पेक्षा कमी असेल, तर कायदा त्याला अंध म्हणतो. ३/६० ते ६/१८ च्या आत असेल, तर त्याला अल्पदृष्टी म्हणतात. समोरचेच तेवढे दिसते, बाजूचे दिसत नाही, अशीही काही मुले असतात. तेही मोजतात.

डॉक्टर हे सगळे मोजून टक्के लिहून देतात. ४० टक्के किंवा जास्त भरले, तर बहुतेक सवलती मिळतात. एक डोळा गेला आणि दुसरा चांगला असला, तर ३० टक्केच भरतात. हे आधीच माहीत असावे, म्हणजे हेलपाटा पडत नाही.

या दाखल्याला दिव्यांग प्रमाणपत्र म्हणतात. त्याबरोबर एक ओळखपत्र मिळते. त्याला यूडीआयडी कार्ड म्हणतात. ते साऱ्या देशात चालते. त्यासाठी असे करावे.

पहिले काम. गावच्या किंवा बाजारच्या सेवा केंद्रात जावे. स्वावलंबन नावाच्या सरकारी संकेतस्थळावर अर्ज भरून घ्यावा. मुलाचे आधार कार्ड, फोटो आणि राहण्याचा पुरावा बरोबर न्यावा. अर्जाचा नंबर वहीत लिहून ठेवावा.

दुसरे काम. ठरल्या दिवशी मुलाला घेऊन सरकारी रुग्णालयात जावे. आधीच्या दवाखान्याचे सगळे कागद न्यावे. एकही कागद टाकू नये.

तिसरे काम. प्रमाणपत्र आले की त्यावरचे नाव, जन्मतारीख आणि टक्के स्वतः वाचून पाहावे. चूक असेल तर लगेच सांगावे. मग चार झेरॉक्स काढाव्या. मूळ कागद कोणाच्या हाती देऊन यायचे नाही. झेरॉक्स द्यावी.

पोरीच्या आईने एक पत्र्याची पेटी केली आहे. त्यात पोरीचे सगळे कागद असतात. पेटीवर तिने खडूने लिहिले आहे, "शाळा". आता देव्हाऱ्यामागे काही खोचत नाहीत.

५. बाप कसा कबूल झाला

२०२२ चा जून आला. पोर सहा वर्षांची झाली. आई म्हणाली, नाव घालायचे. बाप म्हणाला, "नको. शाळेच्या वाटंला ओढा हाय. पडली तर? आन् शिकून ती काय करणार?"

बापाचे म्हणणे वेडेपणाचे नव्हते. त्याला पोरीची काळजी होती. ३१ वर्षांपूर्वी आम्हीही असेच बोललो होतो. म्हणून आम्हाला त्याला उत्तर देता येईना.

उत्तर दिले पायरीवरच्या त्या माणसाने. तो काठी टेकत त्यांच्या दारी गेला. म्हणाला, "मामा, ओढ्यात पडली तर उठंल. मी कदी पडलोच न्हाई, कारण मला कुणी कुटं जाऊच दिलं न्हाई. माझी तीस वर्सं पायरीवर गेली. पोरीला पायरी दावू नका."

बाप बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "बरं. लिवा अर्ज."

६. अर्ज

तोंडी मागणे वाऱ्यावर जाते. लेखी मागणे फायलीत राहते. म्हणून अर्ज लिहावा. पोरीच्या आईने स्वतःच्या हाताने लिहिला. ओळी वाकड्या झाल्या. काही बिघडले नाही. तुम्हीही असा लिहा.

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
जिल्हा परिषद प्राथमिक शाळा, (गावाचे नाव)

विषय : माझ्या मुलीला शाळेत घेण्याबाबत व विशेष शिक्षकाची सोय होण्याबाबत.

महोदय,
माझी मुलगी सहा वर्षांची आहे. तिला डोळ्यांनी दिसत नाही. तिच्या दिव्यांग प्रमाणपत्राची प्रत सोबत जोडली आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ प्रमाणे तिला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. तिचे नाव पटावर घ्यावे. गट साधन केंद्राला कळवून विशेष शिक्षक, ब्रेल पाटी, ब्रेल पुस्तके आणि प्रवास भत्ता मिळावा, ही विनंती.
आपली,
(सही आणि तारीख)

अर्जाच्या दोन प्रती कराव्या. एक शाळेत द्यावी. दुसरीवर शाळेचा शिक्का, सही आणि तारीख घ्यावी. याला पोच म्हणतात. पोच नसेल तर अर्ज दिला हे सिद्ध करता येत नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहा. शिक्षण हक्काचा कायदा २००९ सालचा. तो १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. तो ६ ते १४ वर्षांच्या सगळ्या मुलांना आहे. दिव्यांगांचा नवा कायदा २०१६ सालचा. त्यात ४० टक्के किंवा जास्त अपंगत्व असलेल्या मुलांना ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षण आहे. गावच्या शाळेत घालायचे की खास शाळेत, ही निवड घरच्यांची. "याला इथे घेता येत नाही" असे मास्तराने सांगायचे नाही. आम्ही १९९१ साली जे बोललो, ते आज कोणी बोलला तर कायदा मोडतो.

तरी कोणी बोललाच, तर भांडू नका. "हे लिहून द्या" एवढेच म्हणा. मग केंद्रप्रमुखांकडे जा. तिथून पंचायत समितीत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिथून जिल्हा परिषदेत शिक्षणाधिकाऱ्यांकडे. तिथेही काम झाले नाही, तर पुण्याला दिव्यांग कल्याण आयुक्तांचे कार्यालय आहे. तिथे लेखी तक्रार पाठवता येते. प्रत्येक ठिकाणी पोच घ्या.

आणि प्रमाणपत्र अजून आले नाही म्हणून शाळा लांबवू नका. आधी नाव घाला, कागद मागून जोडा.

७. दोन वाटा

पोरीचे नाव पटावर लागले. पण विशेष शिक्षक आले नाहीत. एक महिना गेला, दोन गेले. पोर वर्गात नुसती बसून राही. आई पोच घेऊन तालुक्याला गट साधन केंद्रात गेली. तिथले साहेब म्हणाले, "बाई, शिक्षक एक आणि गावे पुष्कळ." आई म्हणाली, "मग आमचं गावबी त्यात लिवा." त्यांनी लिहिले. पंधरा दिवसांनी विशेष शिक्षिका आल्या.

त्या बाई चांगल्या होत्या. पोरीला ब्रेल पाटी दिली. वर्गशिक्षकांना सांगितले, "फळ्यावर लिहाल ते तोंडाने बोला." पण त्या पंधरवड्यातून एकदा येत. ब्रेल रोज गिरवावी लागते. वर्ष संपले तेव्हा पोर दहा-बारा अक्षरेच शिकली होती.

बाईंनी आईला दोन्ही वाटा नीट सांगितल्या. आम्हीही त्या तुम्हाला सांगतो.

गावच्या शाळेत मूल घरी राहते. भावंडांबरोबर, मैत्रिणींबरोबर वाढते. गावालाही कळते की हे मूल आपल्यातलेच आहे. पण विशेष शिक्षक रोज मिळेलच असे नाही.

अंधशाळेत ब्रेल रोज शिकवतात. काठी घेऊन चालायला शिकवतात. गाणे, खेळ, हिशेब शिकवतात. अनुदानित शाळेत राहण्या-जेवणाची सोय असते. पण मूल घरापासून लांब राहते. लहान जिवाला ते जड जाते, आणि आईलाही.

पुष्कळ मुले आधी अंधशाळेत ब्रेल शिकतात आणि मोठेपणी साध्या शाळेत, कॉलेजात जातात. तेव्हा एक वाट धरली की दुसरी बंद होते असे नाही. आपल्या जिल्ह्याला जवळची अंधशाळा कोणती, ते जिल्हा परिषदेत विचारले की कळते. शाळा आधी स्वतः जाऊन पाहावी. मुलींची खोली, जेवण, पाण्याची जागा पाहावी. तिथल्या मुलांशी बोलावे. मगच ठरवावे.

२०२३ च्या जूनमध्ये पोर अंध मुलींच्या शाळेत गेली. पहिले आठ दिवस तिची आई नीट जेवली नाही. आजी तर आमच्याशी बोलेना. म्हणाली, "गुरुजी, तुमी माझी पोर परक्यात धाडली." आम्ही ऐकून घेतले.

ज्या मुलांना थोडे दिसते, त्यांना ब्रेलच लागते असे नाही. पुढच्या बाकावर बसवणे, जाड काळ्या शाईचे पेन, ठळक रेघांची वही, मोठ्या अक्षरांचे पुस्तक आणि हातातले भिंग यांनी त्यांचे काम चालते. हेही अर्जात मागता येते. मोठ्या परीक्षेत लेखनिक मिळतो. म्हणजे मूल तोंडाने उत्तर सांगते आणि दुसरा ते लिहितो. तासाला वीस मिनिटे वेळही जादा मिळतो. पण हे परीक्षेच्या आधी शाळेतून अर्ज करून मंजूर करून घ्यावे लागते. परीक्षेच्या दिवशी मागून मिळत नाही.

८. सहा टिंबे

ब्रेल म्हणजे बोटांनी वाचायची लिपी. लुई ब्रेल हा फ्रान्स देशातला मुलगा. जन्म १८०९ सालचा. बाप घोड्यांचे चामडी सामान शिवी. तीन वर्षांचा लुई आरीशी खेळत होता. आरी डोळ्याला लागली. पुढे दोन्ही डोळे गेले. याच मुलाने वयाच्या पंधराव्या वर्षी, १८२४ साली, उठावाच्या टिंबांची ही लिपी तयार केली. आपल्या देशातल्या भाषांसाठी तिचे भारती ब्रेल हे रूप १९५१ साली ठरले. मराठी ब्रेल त्यातच येते.

एका अक्षराला सहा टिंबांची जागा असते. सहा अंडी ठेवायचा पुठ्ठा डोळ्यापुढे आणा. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३. उजव्या रांगेत वरून खाली ४, ५, ६. आता पाहा.

अ : टिंब १
ब : टिंबे १, २
क : टिंबे १, ३
ल : टिंबे १, २, ३
आ : टिंबे ३, ४, ५
ई : टिंबे ३, ५

शेवटची दोन अक्षरे जोडली की "आई" झाले.

लिहिताना जाड कागद ब्रेल पाटीत बसवतात आणि टोचणीने टोचतात. टिंब कागदाच्या मागल्या अंगाला उठते. म्हणून उजवीकडून डावीकडे लिहितात. कागद उलटला की डावीकडून उजवीकडे वाचता येते.

पोरीच्या आईने पुठ्ठ्यावर खळीने ज्वारीचे दाणे चिकटवले आणि ही अक्षरे आपण स्वतः शिकली. खर्च काही नाही.

९. घरी काय करावे

शाळा सुरू व्हायच्या आधीही आई-बापांना पुष्कळ करता येते.

मुलाशी बोलत राहा. "ही वाटी. हे दूध. गरम आहे." न दिसणाऱ्या मुलाला जग कानाने आणि हाताने कळते.

वस्तू ठरल्या जागी ठेवा. तांब्या आज इथे, उद्या तिथे असे करू नका.

बोटांना काम द्या. तूर आणि हरभरा वेगळे करणे, शेंगा सोलणे, गाठ मारणे, बटण लावणे. याने बोटे हुशार होतात. ब्रेलला हीच बोटे लागतात.

हात धरून ओढू नका. मुलाला तुमचे कोपर धरू द्या आणि तुम्ही अर्धे पाऊल पुढे चाला. मोठे झाले की पांढरी काठी शिकवा.

घरातली कामे सांगा. न्हाणे, कपडे घालणे, केर काढणे. लाडाने बसवून ठेवलेले मूल परावलंबी होते.

"आंधळी" म्हणून हाक मारू नका. तिला नाव आहे.

आणि ग्रामपंचायतीत विचारा. ग्रामपंचायतीने आपल्या स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्चायचे असतात. ग्रामसभेत उभे राहून विचारा. तो तुमचा हक्क आहे.

कोणी म्हणेल, एवढे करून काय होणार? त्याला दोन नावे सांगा. विदर्भातले गुलाबराव महाराज १८८१ साली जन्मले. तान्हेपणीच त्यांची दृष्टी गेली. तरी त्यांनी शंभरावर ग्रंथ रचले. दुसरे नाव आजच्या काळातले. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी लहानपणी गेली. त्या दादरच्या अंध मुलींच्या शाळेत शिकल्या आणि पुढे भारतीय प्रशासन सेवेत अधिकारी झाल्या. सगळी मुले कलेक्टर होत नाहीत. डोळस मुले तरी कुठे होतात? पण स्वतःचे पत्र स्वतः वाचता यावे, स्वतःची भाकर स्वतः मिळवता यावी, एवढे सगळ्यांना साधते.

१०. दिवाळीला

२०२४ च्या दिवाळीत पोर घरी आली. बरोबर एक जाडजूड पुस्तक होते. संध्याकाळी सगळे अंगणात बसले होते. वीज गेली. आई आपला धडा वाचत होती, तिने पुस्तक मिटले. शेजारचा मुलगा अभ्यास करत होता, त्यानेही मिटले. पोर मात्र वाचतच राहिली. अंधारात तिचा आवाज येत होता. ती कोल्ह्याची गोष्ट होती.

आजीने विचारले, "अगं, काळोखात तुला कसं वाचता येतं?"

पोर म्हणाली, "आजी, मला दिवा लागतच न्हाई."

आजी काही बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्याकडे ताटभर फराळ आला.

पायरीवरचा तो माणूसही त्या दिवशी आला होता. पोरीने त्याचे बोट धरून पुस्तकावर ठेवले. म्हणाली, "काका, हा अ." त्याने बराच वेळ चाचपून पाहिले. मग हसला. म्हणाला, "गुरुजी, बोटं राठ झाली हो. टिंबं लागत न्हाईत." खरेच आहे. वय वाढले, हात कामाने राठ झाले, की ब्रेल अवघड जाते. अशक्य मात्र नाही. आता रोज सकाळी आम्ही त्याच्याजवळ पायरीवर बसतो. आईने केलेला ज्वारीच्या दाण्यांचा पुठ्ठा मांडीवर असतो. त्याला चार अक्षरे येतात. १९९१ साली बसलो असतो, तर आज सगळी आली असती.

वाचकहो, तुमच्या गावात, वाडीत, तांड्यावर असे मूल असेल. त्याचा बाप लाजत असेल. आई रडत असेल. त्यांना अर्ज लिहिता येत नसेल. तुम्हाला आता लिहिता येतो. आज संध्याकाळीच त्यांच्या घरी जा.

धड्यावर प्रश्न

१. गुरुजींनी १९९१ साली कोणती चूक केली?
२. चिठ्ठी दोन वर्षे देव्हाऱ्यामागे का राहिली? तुमच्या घरात न वाचलेला कागद आहे का? तो आज वाचा.
३. मुलाच्या डोळ्यात दोष असल्याची तीन लक्षणे सांगा.
४. पोच म्हणजे काय? ती का घ्यावी?
५. गावची शाळा आणि अंधशाळा यांत तुम्ही कोणती निवडाल? का? वर्गात बोला.
६. पुठ्ठ्यावर दाणे चिकटवून "आई" हा शब्द तयार करा. डोळे मिटून बोटाने वाचा.
७. धड्यातला अर्ज वहीत सुवाच्य अक्षरांत लिहा.